लंगराची कडी

तुमचा टब मी काल रिकामा केला. तुम्ही गेल्यापासून परसात तसाच पडून होता. वरचं पाणी नितळ दिसत होतं आणि तळाशी काळा-तांबडा गाळ बसला होता. आत एक पाना निघाला, अर्धा साफ झालेला आणि अर्धा तसाच. कुणाचा ते तुम्हालाच ठाऊक. अजून कुणी मागायला आलं नाही, म्हणजे बहुतेक आपलाच असावा. मी तो घासला, पुसला, उन्हात वाळवला आणि तेल लावून खिडकीत ठेवला. तेल न लावता ठेवला असता तर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबडा झाला असता. हे तुम्ही मला इतक्या वेळा ऐकवलंत की आता माझे हात न सांगता तेलाच्या बाटलीकडे जातात.

लोक येतात, बसतात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघतात. बाई रडत कशा नाहीत, असं त्यांना वाटत असणार. उभी हयात वर्गासमोर गेली, तिथं चेहरा सरळ ठेवायची सवय लागली, ती आता घरात तरी कशी सुटणार? तुम्हाला म्हणून सांगते, तुमची आठवण येते. दुपारी जास्त येते. दुपारी परसात तुमचा चार्जर घुमायचा आणि मी आत पडल्या पडल्या वैतागायचे की हा माणूस घटकाभर झोपू देत नाही. आता परसात काही घुमत नाही, आणि तरीही झोप लागत नाही.

साखर कारखान्याच्या निवृत्त लोकांनी तुमच्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. जन्म कुठला, शिक्षण काय, इलेक्ट्रिक खात्यात कधी लागलात, स्वभाव कसा मनमिळाऊ. ती पानं मी देईन, त्यात अवघड काही नाही. मनमिळाऊ हा शब्दसुद्धा घालीन, कारण तिथं तुम्ही तसेच होतात. घरी तुम्ही हट्टी होतात, आणि प्रश्नाला उत्तर न देण्यात तुमचा हात कुणी धरला नसता. आपल्यातला एक प्रश्न तुम्ही तसाच टाकून गेलात. म्हणून हे वेगळं लिहायला बसले.

गंजाचं वेड तुम्हाला निवृत्तीनंतर लागलं. मोबाईलवर कुठंतरी पाहिलंत आणि दुसऱ्याच दिवशी माझं मोठं जर्मनचं पातेलं परसात नेलंत. त्यात पाणी, धुण्याचा सोडा आणि माळ्यावरचं जुनं कुलूप. कुलूप साफ व्हायचं राहिलं बाजूला, पातेलंच काळं ठिक्कर पडलं आणि बुडाला भोक पडून सोड्याचं पाणी तुळशीपर्यंत गेलं. त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले ते शेजारपर्यंत ऐकू गेलं. मग तुम्ही प्लॅस्टिकचा टब आणलात. पुढं एकदा माझी स्टीलची ताटली त्यात सोडायला निघालात आणि कुणीतरी फोनवर सांगितलं की स्टील घातलं तर पाण्यात विष उतरतं. ती ताटली तुम्ही गुपचूप परत मांडणीवर ठेवलीत. मी पाहिलं होतं, बोलले नाही.

नंतर मात्र तुमचा हात बसला. टबात एका बाजूला साधा लोखंडी पत्रा, दुसऱ्या बाजूला गंजलेली वस्तू तारेनं टांगलेली, दोन्ही एकमेकांना न शिवणारी. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करायचा जुना चार्जर. त्याची लाल तार पत्र्याला, काळी तार वस्तूला. बटण दाबलं की वस्तूभोवती दाट बुडबुडे यायला लागायचे, आणि गंज सुटून पाणी गढूळ व्हायचं. पत्रा मात्र झिजत जायचा. येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही हे समजावून सांगायचात. घासून काढलं तर गंजाबरोबर चांगलं लोखंडही जातं. विजेनं काढलं तर गंज जातो आणि लोखंड राहतं. आणि तारा उलट्या लावल्या तर वस्तू पत्र्यासारखी झिजते, हे सांगताना तुम्ही बोट वर करायचात. चार्जरच्या लाल चिमट्याला लाल चिकटपट्टी, काळ्याला काळी. मागच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलंत, काळी वस्तूला, लाल पत्र्याला. खडू माझ्या शाळेच्या पिशवीतला होता.

लोक काय काय आणायचे. अडकित्ते, विळ्या, शिवणयंत्राचे भाग, मोटारीचे बोल्ट, वडलांच्या वेळच्या करवती. मी चहा घेऊन यायचे आणि तुमच्या शेजारी स्टुलावर बसायचे. बघण्यासारखं फारसं काही नसायचं. बुडबुडे येत राहायचे, आपण चहा पीत राहायचो. मी तुम्हाला कधी म्हणाले नाही, पण मला ते बसणं आवडायचं. तुम्ही विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, ही गोष्ट वेगळी.

आता बापूंकडे येते. तुमचे चुलतभाऊ, तुमच्याहून मोठे. शेवगावकडच्या आपल्या वाडीतल्या खंडोबाच्या लंगराचा मान त्यांच्या घराकडे. आमच्या माहेरी ही पद्धत नव्हती, त्यामुळे लग्नानंतर पहिल्या जत्रेत मी तोंडावर पदर धरून बघत राहिले होते. देवाची लांब लोखंडी साखळी, तिचं एक टोक देवळासमोरच्या दगडी खांबाला बांधलेलं. दुसरं टोक मानकऱ्याच्या हाताला गुंडाळलेलं. येळकोट येळकोटच्या गजरात मानकरी झटका देतो आणि साखळी तोडतो. एका झटक्यात तुटली तर देवानं शब्द दिला, वर्ष चांगलं जाणार. जितके झटके जास्त, तितकी लोकांची तोंडं उतरत जातात. नंतर लोहाराकडून नवी कडी घालून साखळी जोडून घ्यायची आणि वर्षभर मानकऱ्याच्या घरी ठेवायची.

तरुणपणी बापू एका झटक्यात तोडायचे म्हणे. मी पाहिले ते उतरणीचे दिवस. त्यांचा उजवा खांदा उसाच्या मोळ्यांनी खाल्ला होता. दर साल कोयता घेऊन ते बायकोबरोबर ऊसतोडीला यायचे, मोळ्या खांद्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवायचे, आणि त्या पैशातला वाटा तुमच्या आयटीआयला जायचा. तुम्ही कारखान्यात कायम झालात तेव्हासुद्धा बापू त्याच कारखान्याच्या अड्ड्यावर खोपीत राहात होते. आपण पहिल्यांदा त्यांना क्वार्टरवर जेवायला बोलावलं तर ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले आणि दाराबाहेरच बसले. तुम्ही हाताला धरून आत आणलंत. यातलं तुम्ही मला फार थोडं सांगितलंत. बाकीचं मी जोडून घेतलं.

मग ते वर्ष आलं. बापूंनी झटका दिला, साखळी तुटली नाही. पुन्हा दिला. खांदा धरून थांबले, परत दिला. गजर मंदावत गेला आणि मागं पोरं हसायला लागली. शेवटी कुणीतरी पुढं होऊन हात लावला आणि साखळी कशीबशी तुटली. एकानं त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढला होता आणि तो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणारी तोंडं आणि म्हाताऱ्यानं आता घरी बसावं, असली वाक्यं. तो व्हिडिओ आपल्याही फोनवर आला. तुम्ही तो पूर्ण पाहिलात आणि फोन उलटा ठेवून परसात गेलात. बापू त्यानंतर कितीतरी दिवस पारावर आले नाहीत, असं वाडीहून कळलं. जत्रेच्या बैठकीत मान दुसऱ्या भावकीला द्यायचं बोलणं निघालं. शेवटी ठरलं की अजून एक वर्ष बापूंना द्यावं, मग बघू.

पुढच्या जत्रेच्या आधी बापू पोत्यात साखळी घालून बेलापूरला आपल्या घरी आले. साखळीच आखडलीय, गंजानं कड्या वळत नाहीत, झटका पुढं जातच नाही, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं. वर्षानुवर्षांचं तेल, भंडारा आणि धूळ यांची कड्यांवर जाड पुटं चढली होती आणि खाली गंज. मी म्हणाले, देवाची साखळी आहे, ती तुमच्या टबात कशाला? तेवढ्यावरून आपलं वाजलं. तुमचं म्हणणं, गंज म्हणजे काही देव नव्हे. माझं म्हणणं, गंजाचं सोडा, पण तो भंडारा कुणाकुणाच्या हातचा असेल. तुम्ही उठून पाणी तापत ठेवलंत.

तेल असलं की वीज नीट पोचत नाही, म्हणून तुम्ही साखळी आधी गरम सोड्याच्या पाण्यात टाकलीत. आणि बघता बघता टबातलं पाणी लाल झालं. साधं लाल नव्हे, गडद, रक्तासारखं. बापूंनी टोपी काढली आणि हात जोडून उभे राहिले. हळदीत सोडा पडला की ती लाल होते, कुंकूसुद्धा तसंच करतात, हे मी वर्गात शिकवलेलं. तरीही पहिल्या क्षणी मी मागं सरकले. तुम्ही बापूंना कारण सांगायला लागलात तर त्यांनी हातानंच थांबवलं. काय असेल ते असू दे, म्हणाले, मला सांगू नको. ते पाणी त्यांनी मोरीत जाऊ दिलं नाही. बादलीनं काढून पेरूच्या बुंध्याशी ओतलं, मग गावाकडं गेले.

साखळी लांब आणि टब लहान, त्यामुळे काम काही दिवस चाललं. रोज एक भाग बुडवायचा. गंजलेल्या कड्यांमधून वीज पुढं सरकत नाही म्हणून तुम्ही दर थोड्या कड्यांना वेगळी तार गुंडाळायचात. निघालेला काळा थर दातांच्या जुन्या ब्रशानं घासायचा, ऊन द्यायचं, तेल लावायचं. शेवटचा भाग राहिला होता तेव्हा मी डोळे तपासायला श्रीरामपूरला गेले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे बहिणीकडेच राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. चहा टाकला, कप घेऊन परसात आले आणि स्टुलावर बसले.

बसले आणि लगेच उठले. बुडबुडे पत्र्याला येत होते. पत्रा लखलखीत होता. साखळीभोवतीचं पाणी तांबडं झालं होतं, आणि पत्र्याजवळची एक कडी एका अंगानं चावून काढल्यासारखी झिजलेली दिसत होती. लाल पट्टीचा चिमटा साखळीला होता आणि काळा पत्र्याला. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात, पाहिलंत, चार्जर बंद केलात, चिमटे बदललेत आणि म्हणालात, "चूक झाली."

एवढंच. हे कधीपासून असं चाललंय, विचारलं तर लक्षात नाही म्हणालात. कडी बदलून घेऊ या का, विचारलं तर जत्रा तोंडावर आलीय, लोहाराला वेळ नसेल, म्हणालात. बाकीची साखळी तुम्ही नेहमीपेक्षा जास्त मन लावून पुसलीत. त्या कडीला तेल जरा जास्तच चोपडलंत.

जत्रेला आपण दोघं गेलो. मी बायकांत उभी होते, तुम्ही खांबाच्या पलीकडे. बापूंनी साखळी हाताला गुंडाळली, डोळे मिटले आणि झटका दिला. साखळी तुटली. पहिल्याच झटक्यात. क्षणभर कुणाला कळेचना, आणि मग एवढा भंडारा उधळला गेला की समोरचं काही दिसेना. ज्यानं व्हिडिओ काढला होता तोच पोरगा बापूंना खांद्यावर घेऊन नाचत होता. बापू रडत होते. मी भंडाऱ्यातून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली बसून चपलेचा अंगठा नीट करत होतात, आणि चपलेला काही झालेलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर नेवासं मागं पडलं. मग मी बोलले. चूक झाली असेल तर बापूंना सांगा, त्यात कमीपणा नाही. आणि चूक नसेल तर तुम्ही त्या माणसाला फसवलंत, गावाला फसवलंत आणि देवालाही. माझ्या वर्गात कुणी कॉपी केली तर मी पेपर काढून घेते, मग तो पोरगा कितीही गरीब असो. तुम्ही गाडी चालवत राहिलात. पुढच्या वळणावर म्हणालात, "परीक्षा नक्की कुणाची होती?" हे काही उत्तर नव्हे, मी म्हणाले. त्यावर तुम्ही काच खाली केलीत आणि वारा इतका आला की बोलणं थांबलं.

हे भांडण आपण पुढं वर्षानुवर्षं भांडलो. जत्रा जवळ आली की ते निघायचं. कधी जेवताना, कधी तुम्ही टबाशी बसलेले असताना. मी विचारायचे, चूक की मुद्दाम? तुम्ही म्हणायचात, सांगितलं ना तेव्हा. मी म्हणायचे, भिंतीवर हाताएवढ्या अक्षरात लिहून ठेवणारा माणूस चिमटे उलटे लावतो कसा? तुम्ही म्हणायचात, वय झालं. आणि हसायचात. मला त्या हसण्याचा राग यायचा, कारण त्यातून दोन्ही अर्थ निघायचे. एकदा तर मी म्हणाले होते, मीच बापूंना सांगते. तुम्ही हसायचं थांबवलंत. "सांग," म्हणालात, आणि ताटावरून उठलात. मी सांगितलं नाही. पण सांगायला हवं, हे माझं मत शेवटपर्यंत तसंच राहिलं.

बापूंनी मात्र त्या जत्रेनंतर स्वतःहून मान सोडला. बैठकीत उभे राहून म्हणाले की देवानं माझं ऐकलं, आता पुढच्यानं बघावं. कुणाला त्यांना काढावं लागलं नाही. साखळी दुसऱ्या घरी गेली आणि बापू पुन्हा पारावर बसायला लागले. तुम्ही ही बातमी मला सांगितलीत तेव्हा परसात एक करवत साफ करत होतात. करवत संपवूनच उठलात.

तुम्ही गेलात तेव्हा बापूंना ताप होता, माती द्यायला येता आलं नाही, तेराव्यालाही नाही. गेल्या आठवड्यात आले. एकटेच, नेवाशाला एसटी बदलून. फार वाकले आहेत. परसात जायचं म्हणाले, म्हणून मी खुर्ची तिथंच टाकली. ते टबाकडं बघत बसले, पेरूकडं बघितलं. तुमच्याबद्दल फारसं काही बोलले नाहीत. माझी चौकशी केली, गुडघे कसे आहेत विचारलं. मग बंडीच्या आतल्या खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत ती कडी होती. त्या वर्षी लोहाराकडं साखळी जोडायला नेली तेव्हा त्यांनी मोडकी कडी मागून घेतली होती, आणि इतके दिवस देवघरात ठेवली होती.

त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. एका अंगाला अंगठ्याएवढी जाड, दुसऱ्या अंगाला वातीएवढी उरलेली, आणि तिथंच तुटलेली. त्या जागी बारीक बारीक खड्डे. मी ती ओळखली. चहा हातात धरून टबात पाहिली होती.

"बाई, तुमी मास्तरीन," बापू म्हणाले. "तुमी खोटं न्हाई बोलायच्या. ही कडी गंजानं खाल्ली, का त्यानं?"

माझी सगळी वाक्यं तयार होती. इतकी वर्षं तुम्हाला ऐकवून ती पाठच झाली होती. चिमटे उलटे लागले होते, बापू, मी डोळ्यांनी पाहिलं. एवढं म्हटलं की झालं असतं, आणि खरं तेवढंच होतं. बापू वाट बघत होते. घाई नव्हती त्यांना. डावा हात उजव्या खांद्यावर होता, तो आता बहुतेक कायम तिथंच असतो. मी कडी उलटीसुलटी केली, वर्गात पोराची पाटी तपासावी तशी.

"गंजानं," मी म्हणाले.

बापूंनी मान हलवली. कडी घेतली, पुरचुंडी बांधली, खिशात ठेवली आणि वरून हात फिरवून खात्री केली.

"व्हय," ते म्हणाले. "त्योबी असंच म्हनला हुता."

कधी, मी विचारलं. त्याच वर्षी, ते म्हणाले, कडी हातात आल्या आल्या त्यांनी तुम्हाला फोन केला होता. म्हणजे जत्रेनंतर आठवडाही झाला नसेल. म्हणजे मी बापूंना सांगा, सांगा, म्हणून तुमच्या मागं लागले होते ती सगळी वर्षं तुम्हाला ठाऊक होतं की बापूंनी विचारलेलं आहे आणि तुम्ही उत्तर देऊन बसला आहात. हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत, याचा मला आधी राग आला. नंतर आला नाही. सांगितलं असतंत तर मी ते उत्तर खोडून काढायला बापूंकडे गेले असते, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला नीट ओळखत होतात, याबद्दल आभार मानायचे की काय करायचं, मला कळत नाही. मानते.

बापूंचा माझ्यावर विश्वास बसला का, सांगता येत नाही. तुमच्यावर तरी बसला होता का, तेही नाही. बसला असता तर पुन्हा विचारायला एवढ्या लांब आले नसते. पण त्यांनी चहा मागितला, बशीत ओतून सावकाश प्यायले आणि जाताना पेरूच्या खोडाला हात लावून गेले. मी त्यांना स्टँडवर नेऊन गाडीत खिडकीशी बसवलं. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभी राहिले, आणि अवघड वाटलं नाही.

घरी आले तर मुलीचा पुण्याहून फोन आला. टब भंगारवाल्याला दे म्हणाली, घसरून पडशील. मग विचारलं, बापूकाका आले होते ना, काय म्हणाले? काही नाही, मी म्हणाले, बसले, चहा घेतला. फोन ठेवल्यावर मला एकदम रडू आलं. बराच वेळ येत राहिलं. घरात कुणी नव्हतं, त्यामुळे थांबवलं नाही.

एवढ्या वर्षांच्या संसारात एकाच प्रश्नाला आपण दोघांनी, एकमेकांना न विचारता, एकच उत्तर दिलं. ते खोटं होतं. तुमच्या हातून तेव्हा खरंच चूक झाली होती का, हे आता मला कधीच कळणार नाही. माझ्या तोंडून गेलं, ते चुकून गेलं नाही.